खानापूरच्या जागेबद्दल समितीच्या नेत्यांना खुलं पत्र

सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सगळ्या नेत्यांना, म्हणजे मध्यवर्ती समितीच्या, खानापूर तालुक्याच्या, युवा समितीच्या, आणि जे सध्या कुठल्याच गटात नाहीत पण १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत पहिल्या रांगेत हमखास दिसतात त्यांनाही,

जय महाराष्ट्र.

मी कर्नाटकातल्या खानापूर विधानसभा मतदारसंघातली एक मतदार. माहेर बेळगाव तालुक्यातलं, सासर जांबोटी रोडकडचं, म्हणजे समिती दोन्हीकडून घरातलीच. सासरे ८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात लाठ्या खाऊन आलेले. हे सांगते एवढ्यासाठीच की पत्र अर्धं वाचून कोणी मला लगेच राष्ट्रीय पक्षाची एजंट ठरवू नये, ग्रुपवर ती सवय लागलीय आपल्याकडे.

पुढची विधानसभा २०२८ च्या मे मध्ये, मग आत्तापासून काय घाई असं तुम्हाला वाटेल. पण आपल्याकडे चर्चा सुरू होते ती फॉर्म भरायच्या आठवड्यात, आणि संपते फॉर्म मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनला, तहसीलच्या बाहेर उभं राहून "तो मागे घेतो का हा" बघत. तोपर्यंत बाकीच्यांचे बूथवाले दोन-दोनदा घर फिरून गेलेले असतात. म्हणून आत्ताच लिहिते, वेळ आहे तोवर.

आधी २०१८ चं बोलू, कारण त्याचं दुखणं अजून सगळ्यांच्या मनात आहे आणि कोणी ते नीट बोलत नाही. १२ मे ला मतदान, १५ ला निकाल. आपल्याकडून उमेदवार दोन. एका गटाचे अरविंद पाटील, जे २०१३ पासून आमदार होते, आणि दुसऱ्या गटाचे विलास बेळगावकर. दोघंही समितीचे, दोघांच्या स्टेजवर भगवा, दोघांच्या पत्रकावर शिवाजी महाराज. अरविंद पाटलांना २६ हजारांच्या वर मतं पडली, बेळगावकरांना १७ हजारांच्या वर, आणि काँग्रेसच्या अंजली निंबाळकर ३६ हजारांच्या वर मतं घेऊन निवडून आल्या, भाजपचे विठ्ठल हलगेकर त्यांच्या पाचेक हजार मागे. आपल्या दोघांची बेरीज केली तर ४३ हजारांच्या पुढं जाते, हे गणित चौथीतलं पोरगंपण करेल. जागा आपली होती आणि आपणच ती वाटून टाकली, त्यात ना काँग्रेसचं कर्तृत्व ना भाजपचं.

मग गावागावात एकच वाक्य सुरू झालं, एकी करा. पारावर एकी, लग्नात एकी, १७ जानेवारीला सीमालढ्याच्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जमलं की तिथंही एकी. आणि झाली की एकी, कशीबशी. २०२३ ला मुरलीधर पाटील एकटेच उमेदवार, समोर समितीचा दुसरा कोणी नाही. निकाल काय लागला? दहा हजारसुद्धा मतं नाहीत. हलगेकर पन्नास हजारांहून जास्त लीडने आले. झालेल्या मतांच्या सहाव्या हिश्शाएवढी मतं पडली नाहीत तर डिपॉझिट जातं, आपलं गेलं.

मला जे सांगायचंय ते इथं आहे. २०१८ ला दोन उमेदवार होते म्हणून हरलो हे खरं, पण २०२३ ला एकच होता आणि कितीतरी जास्त वाईट हरलो. म्हणजे नुसत्या एकीवर सगळं सोडून चालणार नाही. पाच वर्षांत तीस हजारांहून जास्त माणसं समितीपासून उठून गेली आणि ती काही कानडी झाली नाहीत, घरात मराठीच बोलतात, पोरं मराठी शाळेतच आहेत, गणपतीत आरत्या त्याच. ती गेली कारण त्यांना वाटलं की समितीला मत देऊन आपल्याला काय मिळणार ते समितीलाच माहीत नाही.

आणि दुसरी गोष्ट कोणी मान्य करत नाही ती अशी की आता समोरचे उमेदवारसुद्धा मराठीच असतात. हलगेकर मराठी, निंबाळकर मराठी. पूर्वी मराठी माणूस बेंगळूरला पाठवायचा म्हणजे समितीचाच पाठवायचा, दुसरा रस्ताच नव्हता. १९५७ पासून कितीतरी वर्षं खानापूर म्हटलं की समिती हे ठरलेलं होतं. अगदी २००४ ला दिगंबर पाटील आले तिथपर्यंत. २००८ ला भाजपचे प्रल्हाद रेमाणी आले तेव्हा आपण म्हटलं हा अपघात आहे, २०१३ ला जागा परत आली तेव्हा म्हटलं बघा, अपघातच होता. पण राष्ट्रीय पक्षांनी त्यातनं एक गोष्ट शिकून घेतली, खानापुरात मराठी उमेदवार द्यायचा, मराठीत प्रचार करायचा, पत्रकं मराठीत छापायची, आणि सीमाप्रश्नावर एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी आपलं अर्धं दुकान उचलून नेलं आणि आपण उरलेल्या अर्ध्यासाठी गल्ल्यावर कोण बसणार म्हणून भांडत राहिलो.

हे सगळीकडेच असं झालंय म्हणाल तर तसंही नाही. २०२१ ला सुरेश अंगडींच्या निधनानंतर बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक लागली, तिथं शुभम शेळके या तरुण पोराला १ लाख १७ हजार मतं पडली. भाजप आणि काँग्रेसमधला फरक होता पाच हजारांच्या थोडा वर, आणि आपली मतं लाखाच्या वर. २०२३ ला बेळगाव दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकरांनी ६४ हजारांच्या वर मतं घेतली, भाजपच्या अभय पाटलांना ७७ हजार. हरले, पण लढून हरले. म्हणजे समितीचं मत मेलेलं नाही. उमेदवार रस्त्यावर दिसणारा असला, लोकांना आधीपासून माहीत असला की मत बाहेर येतं. आपलं खानापूर त्या लोकसभेत येतच नाही म्हणा, आपण उत्तर कन्नडमध्ये. कारवार, कुमठा, भटकळ, शिरसी, हल्ल्याळ, यल्लापूर, आणि बेळगाव जिल्ह्यातले आपण आणि कित्तूर. आमचा खासदार समुद्राकाठचा, आम्ही घाटावरचे. २०२४ ला विश्वेश्वर हेगडे-कागेरी निवडून आले, निंबाळकर पडल्या, आणि आमच्या गावात कितीतरी लोकांना अजून खासदाराचं नाव विचारलं तर जुनंच सांगतात. त्यामुळे आम्हाला कोणी विचारणारा असला तर तो आमदारच, दुसरं कोणी नाही, आणि म्हणून ही एक जागा इतकी महत्त्वाची.

आता चिन्हाचं बोलते, ही माझी जुनी तक्रार. समिती निवडणूक आयोगाकडची मान्यताप्राप्त पार्टी नाही त्यामुळे आपले उमेदवार अपक्ष. २०१३ ला आपले दोन आमदार आले, खानापूर आणि बेळगाव दक्षिण, पण आयोगाच्या हिशोबात ते नऊ अपक्षांमध्ये मोजले गेले, समितीचं नाव कुठंच नाही. अपक्ष म्हणजे दरवेळी नवीन चिन्ह, आणि तेही मतदानाच्या दोनेक आठवडे आधी कळणार. २०१८ ला आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन पत्रकं घेऊन माझ्याकडे आल्या. दोन्ही चूलघराच्या फळीवर पत्र्याच्या डब्याखाली दाबून ठेवलेली, दोन्हीवर भगवा, दोन्हीवर "समितीचे अधिकृत उमेदवार". "ह्यातलं आमचं कुठलं गं?" म्हणाल्या. त्यांना वाचता येतं, पण चष्मा लावून दोन्ही वाचूनसुद्धा कळेना, कारण कळण्यासारखं काही वेगळं लिहिलेलंच नव्हतं. मी सांगितलं जे सांगायचं ते. पण ज्या घरात सांगायला कोणी नव्हतं तिथं काय झालं असेल? कमळ आणि हात तर कुणाला विचारावं लागत नाही.

बरं यावर उपाय आहे का तर सोपा नाही, हे मलाही माहितीये. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पार्टीला सगळ्या उमेदवारांसाठी एकच चिन्ह मागता येतं, पण त्यासाठी राज्यातल्या किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात. कर्नाटकात जागा २२४, म्हणजे बारा जागा झाल्या. आपण लढवतो पाच-सहा. बाराचा आकडा गाठायचा म्हणून बिदर-भालकीकडं, कारवारकडं उमेदवार उभे करायचे का, यावर तरी कधी मीटिंग झालीय का? झाली असेल तर आमच्यापर्यंत आली नाही. कोणी म्हणेल डिपॉझिटचे पैसे कोण भरणार. विधानसभेला १० हजार आहे डिपॉझिट. आणि याच समितीने १९९६ ला बेळगाव लोकसभेला उमेदवारांचा एवढा पाऊस पाडला होता की एकूण आकडा ४५६ वर गेला, देशभर पेपरात आलं. तेव्हा लोकसभेचं डिपॉझिट फक्त ५०० होतं. त्या वर्षी इथं, नलगोंड्यात आणि तमिळनाडूत मोडकुरिचीला उमेदवारांची अशी रांग लागली की सरकारने ते ५०० चं सरळ १० हजार करून टाकलं. म्हणजे आपल्यामुळे देशाचा कायदा बदलला एकेकाळी, आणि आज आपल्याला एका तालुक्यात एक चिन्ह घरोघर पोचवता येत नाही.

आता कामाचं. सीमाप्रश्न सुटल्यावर सगळं सुटेल हे ऐकत मी मोठी झाले आणि त्यावर माझा विश्वास आजही आहे, हसू नका. सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आपण मान्य केला नाही, बेळगाव शहर त्यांनी कर्नाटकातच ठेवलं म्हणून, पण त्या अहवालातसुद्धा खानापूर, नंदगड आणि निपाणी महाराष्ट्रात द्यायची शिफारस होती. म्हणजे आपला दावा किती सरळ आहे बघा. पण सुप्रीम कोर्टात केस २००४ पासून आहे आणि तोपर्यंत माणसं इथंच जगतायत, इथंच सातबारा म्हणजे उतारा काढतायत, इथंच म्हातारी होतायत. उतारा येतो कन्नडमध्ये. आत्तींच्या उताऱ्यात नाव एक आणि आधारला दुसरं, त्यातली काना-मात्रा कुठं चुकलीय ते आम्हाला वाचताही येत नाही, मग एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, तिथं कोणीतरी एजंट शंभर-दोनशे घेऊन अर्ज लिहून देणार. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम, कागद त्यांच्या भाषेत द्यायचे हे केंद्राने राज्यांशी बोलून ठरवून ठेवलेलं आहे, साठ वर्षं झाली त्याला. घटनेच्या ३५० ब कलमात त्यासाठी खास अधिकारी आहे. आपण त्यांना निवेदनं देतो, फोटो येतो, छान. पण तालुक्यातल्या प्रत्येक पंचायतीत समितीचा एक माणूस आठवड्यातून एक दिवस बसलाय, लोकांचे अर्ज लिहून देतोय, कन्नड कागद वाचून सांगतोय, असं केलं तर किती खर्च येईल? एक टेबल, एक खुर्ची, कन्नड-मराठी दोन्ही येणारं एक पोरगं. अशी पोरं गल्लोगल्ली आहेत आता. डिग्री घेऊन घरी बसलेली किंवा वेर्ण्याच्या कंपन्यांत गोव्याला कामाला गेलेली.

बायकांचं तर तुम्ही धरतच नाही. काँग्रेसने गृहलक्ष्मीचे महिन्याला २००० चालू केले, बस फुकट केली. आमच्याकडं बस फुकट आहे पण यायची तेव्हा येते तो भाग वेगळा. ते चांगलं की वाईट यावर तुम्ही भाषण करा हवं तर, पण प्रत्येक घरातल्या बाईला एक गोष्ट कळली की आपल्या मताला काहीतरी किंमत येते. समितीच्या स्टेजवर मी बाई बघितलीय ती स्वागतगीताला आणि हळदीकुंकवाला. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, तिथं निवडून आलेल्या मराठी बायका तालुकाभर आहेत, ग्रामसभा चालवतात, नरेगाची कामं बघतात, त्यांच्यातल्या एकीचंही नाव आमदारकीला कधी चर्चेत का येत नाही? उद्या विधानसभेतपण एकतृतीयांश जागा राखीव होणार आहेत, कायदा २०२३ ला झालाय, फक्त जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना व्हायची थांबलीय. तेव्हा धावपळ करून कुणाच्या तरी मिसेसना उभं करायचं, एवढंच होईल मग.

आणि जंगलातली गावं. तळेवाडी, गवाळी, पास्टोली, आमगाव, कृष्णापूर. २०११ ला भीमगड अभयारण्य झालं आणि ही गावं आत राहिली, सगळी मराठी. पावसाळ्यात पेशंटला लाकडांची डोली करून खांद्यावरून चालत आणावं लागतं, २०२४ च्या पावसात आमगावच्या एका बाईंना तसं आणलं ते पेपरातही आलं. सरकार म्हणतं बाहेर या, कुटुंबाला १५ लाख घ्या. कोणी तयार आहे, कोणी नाही, कोणाला पैसे नको जमीन हवीय. यावर समितीचं म्हणणं नेमकं काय, बाहेर यावं की तिथंच रस्ता मागावा? तसंच कणकुंबीच्या पाण्याचं. मलप्रभा तिथं उगमते, गोव्याकडं जाणाऱ्या म्हादई नदीचं पाणी कळसा-भांडुरा या ओढ्यांतून वळवायचं ठरलंय, पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ ला त्यासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं, ते जाणार हुबळी-धारवाडकडं. आमच्या जंगलात खोदाई, आमचे झरे. यावर गोवा बोलतं, धारवाड बोलतं, सगळे बोलतात. तुमचा एक पानी कागद आहे का, जो गावात वाटता येईल? असेल तर द्या, मी स्वतः झेरॉक्स काढून वाटते.

आमदार काय करू शकतो तर बरंच काही. दर तीन महिन्यांनी तालुक्याची केडीपी मीटिंग, म्हणजे सरकारी कामांच्या आढाव्याची बैठक होते, तिचा अध्यक्ष आमदार, सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर बसलेले. स्थानिक विकासाचे वर्षाला २ कोटी. मराठी शाळेत शिक्षक का नाही हे त्या मीटिंगमध्ये विचारता येतं, आणि उत्तर मिनिट्समध्ये लिहून घ्यावं लागतं. विधानसभेतसुद्धा, घटनेच्या २१० व्या कलमात अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलायची सोय आहे. एकटा आमदार सरकार पाडू शकत नाही हे आम्हालाही कळतं, पण एकटा आमदार प्रश्न विचारू शकतो की. आपले आमदार होते त्या वर्षांत त्यांनी किती प्रश्न विचारले, कुठले निधी कुठं खर्च केले, याचा हिशोब समितीने स्वतः छापून लोकांना द्यायला हवा होता. चांगला असता तर प्रचाराला आला असता, वाईट असता तरी लोकांनी म्हटलं असतं की लपवत तरी नाहीत. अरविंद पाटील नंतर भाजपमध्ये गेले तेव्हा लोक चिडले, गद्दार वगैरे झालं ग्रुपवर. पण ज्या लोकांनी त्यांना आमदार केलं त्या लोकांकडे पाच वर्षांचा कागद काहीच नव्हता, रागच फक्त.

महाराष्ट्रातल्या नेत्यांचं मी लिहीत नाही फार. डिसेंबर २०२२ ला तिथल्या विधानसभेत सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात घ्यायचा ठराव एकमताने झाला, आणि पुढच्या मे पर्यंत त्याच विधानसभेतले मोठे नेते राष्ट्रीय पक्षांच्या प्रचाराला बेळगावात, समितीच्या विरोधात. काळे झेंडे दाखवले आपण. ठीक आहे. त्यांच्यावर अवलंबून राहायचं वय गेलं आपलं.

एक मुद्दा मात्र कोणी बोलत नाहीये आणि मला त्याची जास्त भीती वाटते. २०२७ ला जनगणना आहे, तिच्यानंतर मतदारसंघांची फेररचना होणार. मागच्या फेररचनेत, २००८ ला, काय झालं ते बेळगाव तालुक्यातल्या लोकांना विचारा. उचगाव मतदारसंघ होता, समितीचा गड, तो नकाशावरून गेलाच. बेळगाव शहराचे उत्तर-दक्षिण झाले, ग्रामीण नवीन झाला, आपली मतं तीन ठिकाणी पांगली. खानापूर तेवढं जवळपास तालुक्याएवढं राहिलं. उद्या खानापूरची पश्चिम बाजू, जांबोटी-कणकुंबी-लोंढा-गुंजी, काढून हल्ल्याळला जोडली आणि इकडं कित्तूरकडची गावं घातली तर एकी करून तरी काय उपयोग? फेररचना आयोग ड्राफ्ट काढतो, हरकती मागवतो, सुनावणी घेतो. तिथं नकाशा, लोकसंख्या, गावांची यादी घेऊन जाणारा माणूस लागतो, घोषणा देणारा नव्हे. तो माणूस कोण हे आज ठरवा. एखादा निवृत्त तलाठी, एखादा भूगोलाचा मास्तर, तालुक्यात कमी नाहीत.

मग उमेदवार कसा निवडायचा. माझं म्हणणं असं की निवड कमिटी बंद करा. पंचवीस माणसं एका हॉलमध्ये बसणार, इच्छुकांच्या मुलाखती घेणार, आणि मग ज्याचं नाव आलं नाही तो दुसऱ्या दिवशी म्हणणार कमिटीच त्यांची होती. त्याऐवजी गावात मतदान घ्या. खरंखुरं, पेटी ठेवून, कागदावर शिक्का मारून. मतदार यादी सगळ्यांना मिळते, ज्याला समितीच्या उमेदवार निवडीत भाग घ्यायचाय त्याने यायचं, यादीवर खूण करायची. बिडी, इटगी, कक्केरीकडच्या कानडी मतदारालाही यायचं असेल तर येऊ दे, खानापूर शहरातल्या, नंदगडच्या मुसलमान मतदारालाही. आपल्या जुन्या आमदारांना त्यांचीही मतं पडत होती हे विसरू नका, रांगेत शेजारी उभी असलेली माणसं आहेत ती. २०२७ च्या दिवाळीनंतर हे केलं तर उमेदवाराला फिरायला सहा महिने मिळतात आणि चिन्ह नसलं तरी तोंड तरी ओळखीचं होतं. जिल्हा पंचायत, तालुका पंचायतीची मुदत २०२१ ला संपली आणि पुढची कितीतरी वर्षं त्या निवडणुका झाल्याच नाहीत, त्यामुळे खालच्या फळीतल्या माणसाला स्वतःला दाखवायला जागाच उरली नाही. ही एक जागा तरी आपण तयार करू शकतो.

पडलेला बंडखोरी करणारच, मग काय, असं विचाराल. त्यावर कायदेशीर बंधन काही नाही. पण अपक्षाच्या फॉर्मवर दहा सूचक लागतात, मतदारसंघातले दहा मतदार, सहीनिशी. मान्यताप्राप्त पार्टीला एक पुरतो, आपल्याला दहा. ही अडचण आहे ना, तिचाच उपयोग करा. गावच्या मतदानात जे पडले ते सगळे इच्छुक त्या दहांत सूचक म्हणून सही करतील, आणि हे गावच्या मतदानाच्या आधी, सगळ्यांसमोर, नंदगडच्या बाजारात किंवा खानापुरात स्टेशन रोडला, जिथं गर्दी असेल तिथं लिहून देतील. ज्याला हे मान्य नाही त्याचं नाव पेटीत ठेवूच नका. मग तो स्वतंत्र उभा राहू दे खुशाल, पण त्याने पत्रकावर "समितीचे अधिकृत" लिहिलं तर आत्तींसारख्या बाईलासुद्धा त्या दहा सह्यांचा फोटो दाखवता येईल.

यातलं काही आधीच ठरलं असेल तर फार चांगलं, तसं सांगा, मी पत्र मागे घेते. ठरलं नसेल तर पहिली मीटिंग कधी आणि कुठल्या गावात ते कळवा. खानापूरच्या हॉलमध्येच नको, एकदा जांबोटीला घ्या, एकदा लोंढ्याला, एकदा गर्लगुंजीला. आणि शक्यतो रविवारी ठेवू नका, रविवारी गोव्याहून आणि पुण्याहून आलेली पोरं परत जायच्या गडबडीत असतात. शनिवारी संध्याकाळी ठेवा, सातनंतर, धारा काढून झाल्यावर, म्हणजे बायकापण येतील.

खानापूर मतदारसंघातली एक मतदार